लस्टरचं नेटवर्क तपासताना: एलनेट सेल्फटेस्टबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्लस्टर सांभाळणाऱ्यांकडून, विशेषतः नव्याने हे काम अंगावर आलेल्यांकडून, पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरण लस्टर या अनेक सर्व्हरवर पसरलेल्या फाइल सिस्टिमचं आणि तिचं नेटवर्क मोजणाऱ्या एलनेट सेल्फटेस्टचं घेतलं आहे, कारण आपल्याकडच्या बऱ्याच सुपरकॉम्प्युटरांवर हीच फाइल सिस्टिम असते. पुण्याच्या आयसरमधला परम ब्रह्म हे त्यातलं एक. आदेश उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत; टर्मिनलवर अर्थातच ते रोमन लिपीत टाकायचे.

फाइल सिस्टिम मंद वाटते. थेट आयओआर (फाइल वाचन-लेखनाचा वेग मोजणारा प्रोग्राम) चालवून वेग मोजला तर काय बिघडलं? नेटवर्क वेगळं कशाला तपासायचं?

आयओआर तुम्हाला एकच आकडा देतो आणि त्या आकड्यात सगळं मिसळलेलं असतं: क्लायंटची मेमरी, कॅशे, नेटवर्क, सर्व्हरचा प्रोसेसर, रेड कंट्रोलर, डिस्क, शिवाय फाइल किती स्ट्राइपवर (वेगवेगळ्या डिस्क-गटांवरच्या तुकड्यांत) पसरली आहे ते. आकडा कमी आला की वाद सुरू होतो. स्टोरेजवाले नेटवर्ककडे बोट दाखवतात, नेटवर्कवाले स्टोरेजकडे, आणि वापरणारा बिचारा दोघांकडे. घोडं नेमकं कुठे पेंड खातंय हे शोधायचं तर थर सुटे करून मोजावे लागतात.

क्रम खालून वर. आधी लिंक नीट जोडली गेली आहे का, तिच्यावर चुका किती होतात. मग कच्चा वेग: इन्फिनिबँड या क्लस्टरमधल्या वेगवान नेटवर्कवर आयबी_राइट_बीडब्ल्यू आणि त्याची भावंडं, इथरनेटवर आयपर्फ३. त्यानंतर एलनेट सेल्फटेस्ट. डिस्कची बाजू ओबीडीफिल्टर-सर्व्हेने वेगळी मोजायची. आयओआर आणि (फाइलींच्या नोंदी हाताळण्याचा वेग मोजणारी) एमडीटेस्ट सगळ्यात शेवटी. खालचा थर साफ निघाल्याशिवाय वरच्याचा आकडा गंभीरपणे घेऊ नये.

एलनेट म्हणजे नक्की काय?

लस्टरचा स्वतःचा संदेशवहनाचा थर. पीटर ब्राम यांनी १९९९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात लस्टरची सुरुवात केली. तिचं नेटवर्किंग सँडिया प्रयोगशाळेच्या पोर्टल्स या कल्पनेवर उभं राहिलं आणि पुढे त्याचं एलनेट झालं. खाली तार कोणतीही असो, लस्टरला एलनेटच दिसतं. प्रत्येक प्रकारच्या नेटवर्कसाठी वेगळा ड्रायव्हर असतो: टीसीपीसाठी सॉकएलएनडी, इन्फिनिबँड आणि रोसीसाठी (इथरनेटवरून थेट मेमरी-ते-मेमरी डेटा पाठवण्याची पद्धत) ओ२आयबीएलएनडी. नोडचा पत्ता '१०.१०.१.११@ओ२आयबी' असा लिहितात. @ च्या आधी यंत्राचा पत्ता, नंतर कोणतं एलनेट नेटवर्क ते. या पत्त्याला एनआयडी म्हणतात.

आयपर्फ३ पूर्ण वेग दाखवतो. मग सेल्फटेस्ट कशासाठी?

आयपर्फ वापरकर्त्याच्या स्तरावर चालतो आणि एका सॉकेटमधून बाइट ढकलत राहतो. लस्टरचं काम कर्नलच्या आत होतं: विनंती जाते, मोठा डेटा जातो किंवा येतो, मग उत्तर येतं. यात क्रेडिट (एका वेळी किती संदेश वाटेत असू शकतात त्याची मर्यादा) असतात, प्रोसेसरच्या गाभ्यांची विभागणी असते, मेमरी नेटवर्क कार्डाकडे नोंदवण्याचा खर्च असतो. आयपर्फच्या वाटेला यातलं काहीच येत नाही. सेल्फटेस्ट हा कर्नल मॉड्यूल आहे आणि तो लस्टर ज्या वाटेने जातं त्याच वाटेने रहदारी पाठवतो. फक्त शेवटी डिस्क नसते.

उलटही लक्षात ठेवा. आयपर्फ३ जुन्या आवृत्त्यांत एकाच थ्रेडवर चालतो; अनेक थ्रेड ३.१६ पासून आले. त्यामुळे १०० गिगाबिटच्या कार्डावर जुना आयपर्फ३ बत्तीस-पस्तीस गिगाबिटवर अडखळला तर कार्डाला दोष देण्याआधी एक गाभा शंभर टक्क्यांना टेकला आहे का ते टॉपमध्ये पाहा.

चाचणीआधी अपेक्षा किती ठेवायची?

ही आकडेमोड आधी कागदावर करा. चाचणी झाल्यावर केली की आलेल्या आकड्याला साजेसं कारण शोधलं जातं, हा मनुष्यस्वभाव आहे.

१० गिगाबिट इथरनेट म्हणजे सेकंदाला १,२५० मेगाबाइट. पण एमटीयू (एका पाकिटात मावणारे कमाल बाइट) १५०० असेल तर प्रत्येक १,५३८ बाइटमागे कामाचे १,४४८ च असतात, म्हणून कमाल ९.४१ गिगाबिट, साधारण १,१७६ मेगाबाइट. एमटीयू ९००० केला तर ९.९ गिगाबिटपर्यंत जाता येतं. ईडीआर पिढीच्या इन्फिनिबँडची छापील गती १०० गिगाबिट, म्हणजे १२.५ गिगाबाइट. एलनेटवर ११ च्या वर आलं तर समाधान मानावं. पुढच्या, एचडीआर पिढीची छापील गती याच्या दुप्पट.

कार्ड ज्या स्लॉटमध्ये बसलं आहे तो विसरला जातो. पीसीआय एक्सप्रेस ३.० च्या एका लेनमधून सेकंदाला जेमतेम ०.९८५ गिगाबाइट जातात. सोळा लेनचे पावणेसोळा गिगाबाइट होतात, आठ लेनचे आठच्याही आत. ईडीआर कार्ड आठ लेनच्या स्लॉटमध्ये असेल तर तार कितीही चांगली असो, साडेसहा-सातच्या पुढे काटा सरकणार नाही. आणि एचडीआर कार्ड ३.० च्या सोळा लेनवर लावून २५ गिगाबाइटची वाट पाहत बसलात तर बसूनच राहाल.

एककाचाही घोळ असतो. गिगाबाइट दशमान की द्विमान? १२.५ गिगाबाइट म्हणजे द्विमान मोजणीत सुमारे ११,९२१ मेबीबाइट. जवळपास पाच टक्क्यांचा हा फरक नेटवर्कच्या माथी मारू नका.

सेल्फटेस्टने डेटाला धोका आहे का? चालू क्लस्टरवर चालवता येईल?

डेटाला धोका नाही. डिस्कला हातच लागत नाही. फाइल सिस्टिम माउंट केलेली नसली तरी चालतं. एलनेट सुरू असलं की पुरे.

चालू क्लस्टरवर मात्र टाळा. सेल्फटेस्ट तार भरून टाकतो आणि त्याच तारेवर लोकांच्या जॉबची वाचन-लेखनं चालू असतात. सर्व्हरला क्लायंटकडून वेळेत प्रतिसाद मिळाला नाही तर तो त्याला बाहेर काढू शकतो, आणि मग सकाळी ज्याचा तीन दिवसांचा जॉब पडला त्याला तोंड द्यावं लागतं. देखभालीची वेळ जाहीर करा, रांग बंद करा, मग चालवा.

आकड्यांच्या दृष्टीनेही शांतता हवी. सेल्फटेस्टची आकडेवारी नोडच्या एलनेट मोजणीयंत्रांवरूनच येते. त्या नोडवर दुसरी लस्टर रहदारी चालू असेल तर तीही तुमच्या आकड्यात मिसळते.

तयारी काय लागते?

चाचणीतल्या प्रत्येक नोडवर आणि जिथून आदेश देणार त्या नोडवर एलनेट_सेल्फटेस्ट मॉड्यूल मॉडप्रोब आदेशाने चढवायचा. आदेश देणारा नोड चाचणीत भाग घेत नसला तरी मॉड्यूल त्याच्यावरही हवा. टीसीपी असेल तर ९८८ पोर्ट उघडं हवं. लस्टरच्या एलसीटीएल पिंगने दोन-चार एनआयडी तपासून घ्या. काम झालं की मॉड्यूल उतरवा. तो कायमचा चढलेला ठेवण्यात काही शहाणपण नाही, कारण एलनेटवर पोहोचणारा कुणीही मग तुमच्या नोडना कामाला जुंपू शकतो.

पहिली चाचणी प्रत्यक्ष कशी लिहायची?

समजा चार सर्व्हर, बत्तीस क्लायंट आणि ईडीआर इन्फिनिबँड आहे. वाचनाची चाचणी सेल्फटेस्टच्या एलएसटी या आदेशाने अशी:

एक्सपोर्ट एलएसटी_सेशन=$$
एलएसटी न्यू_सेशन तपासणी
एलएसटी ॲड_ग्रुप सर्व्हर १०.१०.१.[११-१४]@ओ२आयबी
एलएसटी ॲड_ग्रुप क्लायंट १०.१०.२.[१-३२]@ओ२आयबी
एलएसटी ॲड_बॅच वाचन
एलएसटी ॲड_टेस्ट --बॅच वाचन --कन्करन्सी १६ --डिस्ट्रिब्यूट ८:१ --फ्रॉम क्लायंट --टू सर्व्हर बीआरडब्ल्यू रीड साइझ=१एम
एलएसटी रन वाचन
एलएसटी स्टॅट सर्व्हर
एलएसटी स्टॉप वाचन
एलएसटी एंड_सेशन

स्टॅट स्वतःहून थांबत नाही. अर्धा-एक मिनिट पाहा आणि कंट्रोल-सी दाबा. पहिल्या एक-दोन ओळी धरू नका, तेव्हा जोडण्या अजून उभ्या राहत असतात.

बीआरडब्ल्यू म्हणजे मोठ्या डेटाच्या वाचन-लेखनाची चाचणी. साइझ एक मेगाबाइटच ठेवा, एलनेटचा एक संदेश त्याहून मोठा नसतो. लस्टर चार किंवा सोळा मेगाबाइटचे आरपीसी (सर्व्हरकडे जाणाऱ्या विनंत्या) पाठवतं तेव्हाही एलनेटवर त्याचे एकेक मेगाबाइटचे तुकडेच जातात. चेक=फुल हा पर्याय आलेला प्रत्येक बाइट तपासतो. डेटा खराब होत असल्याचा संशय असेल तर तो हवाच, पण वेग मोजताना लावला तर तुम्ही प्रोसेसर मोजत बसाल.

कन्करन्सी किती ठेवायची?

कन्करन्सी म्हणजे एका वेळी किती विनंत्या वाटेत ठेवायच्या. मूळ मूल्य १ आहे आणि बहुतेकांची पहिली निराशा तिथेच होते. ईडीआरवर एक मेगाबाइट तारेवरून जायला साधारण ८४ मायक्रोसेकंद लागतात. कन्करन्सी १ असेल तर विनंती जाणं, डेटा येणं, उत्तर येणं, मग पुढची विनंती, असं एकामागून एक चालतं आणि मधल्या वेळात तार रिकामी राहते. ८ वर बराचसा वेग मिळतो, १६ वर बहुधा पूर्ण. त्यापुढे वाढवून फायदा दिसला नाही तर थांबा.

१, २, ४, ८, १६, ३२ अशी चढती माळ एकदा चालवून पाहाच. वेग कुठे सपाट होतो ते कळतं. ३२ वर घसरला तर क्रेडिट किंवा प्रोसेसर तपासायची वेळ झाली.

डिस्ट्रिब्यूटचं गणित डोक्यावरून जातं. सोपं करून सांगाल का?

पहिला आकडा 'फ्रॉम' गटातल्या नोडचा, दुसरा 'टू' गटातल्या. दोन्ही गटांचे तेवढ्या-तेवढ्या नोडचे तुकडे पाडून जोड्या लावल्या जातात आणि तुकड्यातले नोड फक्त समोरच्या तुकड्याशी बोलतात. सहा क्लायंट आणि तीन सर्व्हर असतील तर १:१ मध्ये पहिला क्लायंट पहिल्या सर्व्हरशी, दुसरा दुसऱ्याशी, तिसरा तिसऱ्याशी, आणि चौथा पुन्हा पहिल्याशी. २:१ मध्ये पहिले दोन क्लायंट पहिल्या सर्व्हरशी. ६:३ मध्ये सगळे सगळ्यांशी.

पण खरा मुद्दा गणिताचा नाही. मांडणी कशी करता यावर कोणता दोष दिसेल आणि कोणता लपेल ते ठरतं. वरच्या उदाहरणात आठ क्लायंट एका सर्व्हरवर आहेत. सर्व्हर ११ गिगाबाइट देतो, म्हणजे प्रत्येक क्लायंटला मिळतात १.४ च्या आसपास. आता एखाद्या क्लायंटचं कार्ड आठ लेनच्या स्लॉटमध्ये असेल आणि त्याला साडेसहाच झेपत असतील, तर या चाचणीत तो कधीच पकडला जाणार नाही. १.४ तर तो हसत हसत देईल. सर्व्हर तपासायला ही मांडणी उत्तम, क्लायंट तपासायला निरुपयोगी.

क्लायंट तपासायचे तर त्यांना एकमेकांसमोर उभं करा: पहिले सोळा एका गटात, उरलेले सोळा दुसऱ्यात, आणि १:१. सेल्फटेस्टला कोण खरा सर्व्हर आहे याच्याशी देणंघेणं नाही. मॉड्यूल चढलेला कुठलाही नोड 'टू' बाजूला चालतो. प्रत्येक जोडीची तार भरते आणि लंगडा नोड उघडा पडतो. ही जोड्यांची चाचणी फार थोड्या ठिकाणी चालवली जाते आणि माझ्या मते सगळ्यात जास्त दोष हीच पकडते. क्लस्टर ताब्यात घेताना पुरवठादार सहसा फक्त सगळे-विरुद्ध-सर्व्हर चाचणी दाखवतो. जोड्यांची चाचणी आपण मागून घ्यायची.

स्टॅटचे आकडे कसे वाचायचे?

दर पाच सेकंदांनी दोन भाग छापले जातात. वरचा दरांचा, त्यात आरपीसी प्रति सेकंद. खालचा बँडविड्थचा. दोन्हीत 'आर' आणि 'डब्ल्यू' अशा ओळी आणि प्रत्येकीत सरासरी, किमान, कमाल.

पहिली फसगत दिशेची. 'आर' म्हणजे त्या नोडने स्वीकारलेलं, 'डब्ल्यू' म्हणजे त्याने पाठवलेलं. तुम्ही चाचणी वाचनाची लावली आणि स्टॅट सर्व्हर गटाचं पाहिलं, तर मोठा आकडा 'डब्ल्यू'समोर दिसेल, कारण डेटा सर्व्हर पाठवतोय. त्यात चूक काही नाही.

दुसरी सरासरीची. ती दर नोडची आहे, गटाची बेरीज नव्हे. चार सर्व्हरची सरासरी ११,००० मेगाबाइट असेल तर एकूण ४४ गिगाबाइट. अहवालात 'फाइल सिस्टिमचं नेटवर्क ११ गिगाबाइट देतं' असं लिहून वरिष्ठांना घाबरवू नका.

तिसरी आरपीसीची. त्या दरात विनंती, डेटा, उत्तर असे संदेश वेगवेगळे मोजले जातात. 'इतके आरपीसी गुणिले एक मेगाबाइट' हा गुणाकार जुळत नाही आणि जुळवण्यात वेळही घालवू नये. बँडविड्थसाठी बँडविड्थचाच भाग बघा.

आणि सगळ्यात महत्त्वाचा स्तंभ किमानचा. जोड्यांच्या चाचणीत सरासरी १०,८००, कमाल ११,१०० आणि किमान ६,४०० असं दिसलं तर सरासरीवर समाधान मानून घरी जाणारा माणूस एक आजारी नोड मागे सोडून जातो. समांतर प्रोग्राममध्ये सगळे सगळ्यात हळू नोडची वाट पाहत थांबतात, म्हणून वापरणाऱ्याच्या वाट्याला किमानच येतो.

किमान कमी दिसला. तो नोड कोणता ते कसं शोधायचं?

स्टॅट गटाऐवजी सुट्या एनआयडींवरही चालतं. बत्तीस नोडचा गट अर्धा करत जा, किंवा छोटी स्क्रिप्ट लिहून एकेक जोडी चालवा. दोष जोडीत सापडला की जोड्या बदला. दोष ज्याच्याबरोबर फिरतो तो गुन्हेगार.

मग त्या नोडवर: एलएसपीसीआयच्या सविस्तर छापणीत कार्डाच्या क्षमतेची ओळ आणि प्रत्यक्ष स्थितीची ओळ ताडून पाहा. वर 'एक्स१६' आणि खाली 'एक्स८' दिसलं की निम्मा उलगडा झाला. बरेचदा कार्ड नीट बसलेलं नसतं किंवा रायझर (कार्ड ज्यात बसतं ती जोडपट्टी) चुकीचा असतो. आयबीस्टॅटमध्ये रेट १०० च आहे ना? ४० किंवा ५६ वर खाली उतरलेली लिंक चालू दिसते, हिरवा दिवाही लावते. परफक्वेरीत सिंबॉल एररचा आणि लिंक तुटल्याचा आकडा वाढतोय का ते दहा मिनिटांच्या अंतराने दोनदा बघा. एकूण आकड्याला अर्थ नाही, वाढण्याला आहे. केबल बदलण्याआधी तिची टोकं काढून पुन्हा बसवा. बायोसमध्ये वीज वाचवण्याचा पर्याय चालू राहिलेला असणं, प्रोसेसरची घडी खाली अडकलेली असणं हेही नेहमीचंच. मदरबोर्ड बदलून आलेल्या नोडवर तर हे आधी पाहावं.

वाचन पूर्ण वेगाने होतं, लेखन अर्ध्यावर. असं कसं?

तारेला दोन दिशा असतात आणि एकच बिघडू शकते. फायबरच्या एका टोकावर धूळ, स्वीकारणाऱ्या बाजूच्या रांगेत जागा कमी पडणं, स्वीकारताना काम भलत्याच सॉकेटच्या प्रोसेसरवर जाणं, ही साधारण कारणं. आयबी_राइट_बीडब्ल्यू दोन्ही बाजूंनी, भूमिका बदलून चालवा. तिथेही तोच फरक दिसला तर एलनेट निर्दोष आहे, खालीच पाणी मुरतंय.

एलसीटीएल पिंग होतं, पण बीआरडब्ल्यू लावलं की सगळं गोठतं.

इथरनेटवर असाल तर दहापैकी नऊ वेळा एमटीयू. नोडवर ९००० आहे आणि मधल्या एखाद्या स्विचच्या पोर्टवर १५०० राहून गेला आहे. छोटे संदेश पार होतात, मोठे गिळले जातात. तुकडे न पाडण्याचा पर्याय लावून ८,९७२ बाइटचा साधा पिंग पाठवा. आयपी आणि आयसीएमपीचे २८ बाइट धरून ते बरोबर ९,००० होतात. तो पोहोचला नाही तर स्विचवाल्यांना फोन करा.

'नोड बिझी' असं येतं.

कुणाचं तरी जुनं सेशन त्या नोडवर राहिलं आहे. बहुधा तुमचंच, मधेच बंद झालेल्या टर्मिनलमधलं. एलएसटी_सेशनचं मूल्य आठवत असेल तर त्याच मूल्याने एंड_सेशन द्या. नाहीतर न्यू_सेशनला फोर्स लावा, किंवा नोडवरून मॉड्यूल उतरवून पुन्हा चढवा. काहीच न करता थांबलात तरी सेशनची मुदत, जी मुळात ३०० सेकंदांची असते, संपली की नोड मोकळे होतात.

क्रेडिट कमी पडतायत हे कशावरून ओळखायचं?

सिस-कर्नल-डीबग-एलनेटखाली 'पीअर्स' नावाची फाइल असते. तिच्यात प्रत्येक समोरच्या नोडची एक ओळ आणि ओळीत दोन 'मिन' स्तंभ. 'टीएक्स'शेजारचा मिन सांगतो की पाठवण्याची क्रेडिट आजवर किती खालपर्यंत गेली होती. तो उणे १४ असेल तर कधीतरी चौदा संदेश रांगेत ताटकळले होते.

उणे आकडा दिसला की लगेच घाबरायचं नाही. ओ२आयबीएलएनडीत पीअर_क्रेडिट्स मुळात ८ असतात. तुम्ही कन्करन्सी १६ लावली तर रांग लागणारच. सेल्फटेस्टचा वेग पूर्ण मिळत असेल तर सोडून द्या. मिळत नसेल तर पीअर_क्रेडिट्स वाढवून बघा, मात्र सगळ्या नोडवर सारखे. निम्म्या नोडवर एक आणि उरलेल्यांवर दुसरं मूल्य ठेवून चालवलेलं क्लस्टर पुढच्या माणसाला शिव्या घालायला लावतं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. इंटरनेटवरून उचललेल्या दहा पर्यायांची ओळ मॉडप्रोबच्या फाइलीत चिकटवली की कशाने फरक पडला हे कधीच कळत नाही.

प्रत्येक नोड एकटा चांगला, सगळे एकदम चालवले की बेरीज कमी भरते.

स्विचची रचना पाहा. छत्तीस पोर्टच्या लीफ स्विचला (नोड ज्याला थेट जोडतात त्याला) चोवीस नोड खाली आणि बारा तारा वर असतील तर लीफबाहेर जाणाऱ्या रहदारीला निम्मीच जागा आहे. हा दोष नव्हे, विकत घेतानाचा निर्णय आहे. तो करारात लिहिलेला असतो आणि सहसा कुणी वाचलेला नसतो. खात्री करायची तर तीच जोड्यांची चाचणी दोनदा चालवा: एकदा दोन्ही नोड एकाच लीफखाली, एकदा वेगवेगळ्या लीफखाली. फरक ठळक असेल तर उत्तर मिळालं.

जागा पुरेशी असूनही बेरीज कमी भरू शकते. इन्फिनिबँडवर मार्ग आधीच ठरलेले असतात आणि काही जोड्या नेमक्या एकाच वरच्या तारेवर येतात. इथरनेटवर हॅशने तेच होतं. जोड्यांची अदलाबदल करून चाचणी पुन्हा चालवा; मंदपणा नोडबरोबर न जाता जोडीबरोबर बदलला तर मार्गांची टक्कर आहे.

रोसी असेल तर स्विचवर प्रवाह थांबवण्याची आणि गर्दी कळवण्याची रचना नीट हवी. अनेक क्लायंट एका सर्व्हरवर एकदम लेखन करतात तेव्हा ती नसेल तर वेग कोसळतो. इथे १६:१ लेखनाची चाचणी लावा, दूध का दूध होईल.

दोन कार्डं असलेल्या सर्व्हरवर एकेक कार्ड वेगळं तपासायचं आहे.

लस्टर २.१० पासून मल्टी-रेल आलं आणि एलनेट स्वतःच रहदारी उपलब्ध कार्डांवर वाटतं. तुम्ही एका कार्डाचा एनआयडी दिला तरी डेटा दुसऱ्यावरून जाऊ शकतो. म्हणून एकेक कार्ड तपासताना डिस्कव्हरी (समोरच्या नोडची इतर कार्डं आपोआप शोधणं) बंद करा आणि एलनेटवर एकच इंटरफेस ठेवा. नंतर दोन्ही एकत्र चालवून एलनेटसीटीएलच्या सविस्तर छापणीत दोघांचे पाठवल्याचे आकडे सारखे वाढतायत का ते बघा.

मध्ये एलनेट राउटर (दोन एलनेट नेटवर्क जोडणारे नोड) आहेत.

आधी राउटरपर्यंत मोजा, मग राउटर ओलांडून. राउटरवर पीअर्स फाइलीतला 'आरटीआर'शेजारचा मिन उणे गेलेला असेल तर बफर वाढवायचा विचार करा.

सेल्फटेस्ट उत्तम, तरीही फाइल सिस्टिम मंदच.

मग नेटवर्कचा पिच्छा सोडा. ओबीडीफिल्टर-सर्व्हेने सर्व्हरवरच डिस्क मोजा. त्यात नेटवर्क मध्ये येत नाही. डिस्कही ठीक निघाल्या तर क्लायंटची एका वेळच्या आरपीसींची मर्यादा बघा. ती मुळात प्रत्येक ओएसटीमागे (लस्टरचा एक डिस्क-गट) ८ असते, आणि सेल्फटेस्टला १६ वर पूर्ण वेग मिळत असेल तर ८ वर तो मिळेलच असं नाही. मग स्ट्राइप. सगळी फाइल एकाच ओएसटीवर लिहिणारा प्रोग्राम एका ओएसटीचाच वेग घेणार. आणि तक्रार 'एलएस चालवायला वेळ लागतो' अशी असेल तर ती बँडविड्थची तक्रारच नव्हे, मेटाडेटाची, म्हणजे फाइलींची नावं, मालक, आकार अशा नोंदींची आहे. एका फोल्डरमध्ये लाखो बारीक फाइली ठेवणाऱ्याला १०० गिगाबिटची तार काय करणार?

ही चाचणी किती वेळा चालवायची आणि नोंद काय ठेवायची?

क्लस्टर ताब्यात घेताना, कर्नल, लस्टर किंवा कार्डाचं फर्मवेअर बदललं की, आणि नोड दुरुस्तीहून परत आला की फक्त त्याची जोडी. नोंदीत नुसता वेग लिहू नका. कन्करन्सी, डिस्ट्रिब्यूट, साइझ, दिशा, आवृत्त्या, आणि कोणत्या नोडची कोणाशी जोडी होती हे सगळं हवं. कच्ची छापणीच फाइलीत साठवा. सरासरी काढून ठेवलेल्या तक्त्यातून किमान परत मिळत नाही.

आमच्याकडे लस्टर नाही. हे कितपत लागू पडतं?

थर सुटे करायची पद्धत सगळीकडे तीच, हत्यारं वेगळी. आयबीएमच्या जीपीएफएस या फाइल सिस्टिमसोबत एनएसडीपर्फ येतं, त्यातही सर्व्हर आणि क्लायंट ठरवून वाचन-लेखनाचा वेग मोजता येतो. एमएमनेटव्हेरिफायने जोडण्या आणि पोर्ट तपासता येतात. बीजीएफएस या फाइल सिस्टिममध्ये नेटबेंच नावाची अवस्था आहे. ती चालू केली की स्टोरेज सर्व्हर आलेलं लेखन डिस्कवर न नेता टाकून देतात, म्हणजे नेहमीच्याच प्रोग्रामने फक्त नेटवर्क मोजता येतं. पण नेटबेंच चालू असताना लिहिलेलं काहीच टिकत नाही, तेव्हा मोजून झाल्यावर ती बंद केल्याशिवाय कुणालाही लॉगिन देऊ नका.